मामांचा ओला कालखंड

माझ्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कोपऱ्यात एक पातेलं कायम रिकामं ठेवलेलं असतं. ते स्वयंपाकाचं नाही, मामांच्या कलेचं आहे. मामा सगळ्यांत वरच्या मजल्यावर राहतात, मी अगदी त्यांच्या खालच्या घरात, आणि त्यांच्या चित्रांबद्दल वर्तमानपत्रांत जे काही छापून येतं, त्यातला बराचसा भाग आधी माझ्या छतातून टपकलेला असतो. समीक्षक त्याला झिरपणं म्हणतात. मी गळणं म्हणते, पण मला कोण विचारतं.

मामा म्हणजे आईचे धाकटे भाऊ. आयुष्यभर ड्राफ्ट्समन म्हणून राबले. ज्या नामांकित आर्किटेक्टच्या कचेरीत ते होते, त्यांना सगळे नुसतं साहेब म्हणत. साहेब जाऊन बरीच वर्षं झाली, पण तो शब्द उच्चारताना मामा अजूनही खुर्चीत थोडे ताठ होतात. आमची ही इमारत साहेबांचीच. मागे डोंगर, पुढे तळं, आणि मध्ये आडवी पसरलेली करडी काँक्रीटची इमारत. गिलावा नाही, रंग नाही, खिडक्यांना सज्जा नाही, छताला उतार नाही. साहेबांचं म्हणणं असं की डोंगर हे वाक्य आहे आणि इमारत ही त्याखाली मारलेली रेघ. रेघेला कधी सज्जा असतो का? पावसाला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं.

साहेब अंगापिंडाने उंच होते, त्यामुळे खिडक्या त्यांच्या डोळ्यांच्या बेताने बसवल्या गेल्या. मला डोंगर बघायचा तर स्टुलावर चढावं लागतं. शिवाय एका घरावर तस्संच दुसरं घर रचणं साहेबांना पटत नसे. माणसं म्हणजे काय डबे आहेत, असं ते म्हणत. म्हणून त्यांनी एक मजला सोडून खोल्यांची अदलाबदल केली. मामांच्या झोपायच्या खोलीखाली माझं स्वयंपाकघर येतं ते त्यामुळे.

आता ही जी रेघ म्हणतात, ती कागदावर खरोखर ओढली होती मामांनी. लांबलचक ट्रेसिंग कागदावर, शाईने, श्वास रोखून, एका दमात. साहेबांनी मागून बघितलं आणि नुसता हुंकार भरला. मामांनी तो हुंकार जन्मभर पुरवून वापरला. पण इमारत उभी राहिल्यावर दाराशी जी दगडी पाटी बसली, तिच्यावर साहेबांचं नाव आलं, उद्घाटनाला आलेल्या मंत्र्यांचं आलं, कंत्राटदाराचंही आलं. मामांचं नाही. कचेरीतल्या नकाशांचं तसं नव्हतं. प्रत्येक नकाशाच्या उजव्या कोपऱ्यात खाली एक चौकट असे आणि तिच्यात तीन ओळी. आराखडा ज्याचा, त्याचं नाव सगळ्यांत वर. त्याखाली रेखाटन करणाऱ्याचं, म्हणजे मामांचं. त्याखाली तपासणाऱ्याचं. शिपायालाही ठाऊक होतं की चौकटीशिवाय कागद कचेरीबाहेर जात नाही. दगडाला ते ठाऊक नव्हतं. घरी पाहुणा आला की मामा त्याला आधी ती पाटी दाखवायला नेत आणि त्यांचं नाव जिथे नव्हतं ती जागा बोटाने दाखवत. पाहुणे बिचारे वाकून वाकून बघत.

निवृत्त झाल्यावर मामांच्या हातांना काम उरलं नाही आणि मामीच्या हालांना पारावार उरला नाही. मामी ठेंगणी, गोल चेहऱ्याची, बोलायला कमी. पण बोलली की समोरचा गप्प. अशा बाईच्या स्वयंपाकघरात मामा नकाशे आखायची टी-स्क्वेअर पट्टी घेऊन शिरले. डबे उंचीप्रमाणे लागले. मग एके दिवशी ते झाकणांच्या रंगाप्रमाणे लागले. मामीला मीठ सापडेना. कपडे वाळत घातले की मामा खाली रस्त्यावर जाऊन बघून येत आणि परत वर येऊन सांगत, "ती निळी चादर काढ. दर्शनी भाग तुटतोय." गच्चीत मामीच्या कुंड्या होत्या, त्यांनाही कठड्यावर डोकं काढायची बंदी, कारण रस्त्यावरून बघणाऱ्याला साहेबांची रेघ सरळ दिसली पाहिजे. जो कोंब वर येई तो मामी मुकाट्याने खुडे. ती झाडं वर्षानुवर्षं बसून वाढली.

"मामी, तू ऐकून कशी घेतेस?" असं मी एकदा विचारलं होतं.

"मी कुठे ऐकते," ती म्हणाली. "ते बोलतात, एवढंच."

मग मामांनी रंग आणले. आम्ही सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. विषय एकच, इमारत आणि डोंगर. पण हात ड्राफ्ट्समनचा. खाली करडी पट्टी, मध्ये तपकिरी पट्टी, वर निळी पट्टी, आणि सगळ्या पट्ट्यांच्या कडा अशा की बोट कापावं. पहिलं चित्र पुरं झाल्यावर त्यांनी मामीला बोलावलं. तिने नीट बघितलं आणि म्हणाली, "छान आहे. आपले जुने पडदे असेच होते."

अशी पुष्कळ चित्रं झाली. नगरवाचनालयाच्या सभागृहात प्रदर्शन भरलं. नातेवाईक आले, चहा प्यायले, एकमेकांच्या तब्येती विचारून गेले. आमच्या डॉक्टरांनी एक चित्र मागून नेलं आणि दवाखान्यातल्या विजेच्या मीटरवर टांगलं. मामा महिनाभर कुणाशी बोलले नाहीत. मग ते उठले आणि सरळ स्वयंपाकघरात गेले. या वेळी त्यांनी चमचेसुद्धा लांबीप्रमाणे लावले. मामी माझ्याकडे येऊन स्टुलावर बसली. तिला इतकं थकलेलं मी कधी बघितलं नव्हतं, आणि मामांचा मला मनापासून राग आला.

त्या वर्षी पाऊस जरा जास्तच झाला. माझ्या कढईत वरून टपकन थेंब पडला आणि तेल उडून माझ्या मनगटावर आलं. मी तशीच तणतणत वर गेले. मामा झोपायच्या खोलीत भिंतीसमोर उभे होते. छतापासून पलंगाच्या उशापर्यंत भिंतीवर ओलीचा मोठा डाग पसरला होता. कडेला पिवळसर, मधे काळपट, आणि खालच्या अंगाला काँक्रीट ओतताना लावलेल्या फळ्यांच्या आडव्या खुणा त्यातून वर आलेल्या.

"मामा, गच्ची गळतेय," मी म्हटलं.

"गळत नाही," मामा मागे न बघता म्हणाले. "साहेबांची इमारत गळत नाही. श्वास घेतेय ती."

"तिचा श्वास माझ्या कढईत पडतोय."

"गप्प बस जरा. बघ. डोंगर आलाय भिंतीत."

इथे मामांवर अन्याय नको म्हणून सांगते, डोंगर खरंच आला होता. खाणवाल्यांनी एका बाजूने कापलेला आमचा डोंगर, आणि त्याखाली इमारतीच्या रेघा, पण विरघळलेल्या. गळती म्हणावी तर साहेबांना बोल लागतो, म्हणून मामांनी तिला चित्र म्हटलं. एकदा चित्र म्हटल्यावर काढणं आलंच. त्या दिवशी त्यांनी पट्टी खाली ठेवली, आणि हात पहिल्यांदा सैल सुटला.

पुढचं सगळं भराभर झालं. मामीच्या मैत्रिणीची सून कुणा आर्ट गॅलरीवाल्या बाईंना ओळखत होती. त्या बाई आल्या, चपला बाहेर काढून, आवाज न करता, आजाऱ्याला भेटायला आल्यासारख्या चित्रांसमोरून फिरल्या आणि शेवटी म्हणाल्या, "तुमच्या कामाचे सरळ दोन कालखंड पडतात. कोरडा आणि ओला." मामांनी मान डोलावली. त्यांना ते अर्थातच आधीपासून ठाऊक होतं. ओल्या कालखंडातली चित्रं मोठमोठ्या दिवाणखान्यांत जाऊन लागली. मामा मुलाखती देऊ लागले. काँक्रीटलाही स्मृती असते, असं ते म्हणत. पावसाळ्यात ती माझ्या छतातून अनावर व्हायची.

मी एका छापखान्यात मुद्रितं तपासते. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि संध्याकाळी घरी येऊन नवऱ्याच्या, असा माझा दिनक्रम. मामांच्या दुसऱ्या प्रदर्शनाची पुस्तिका नेमकी आमच्याकडेच छापायला आली. एका मोठ्या समीक्षकांचा लेख होता. त्यात अवकाश होता, अवशेष होते, अवकाशाचे अवशेषही होते. पण एक वाक्य मात्र मी दोनदा वाचलं. चित्रकार म्हणतात, असं सांगून पुढे लिहिलं होतं: "डोंगराला जिथे कापलाय, तिथे त्याला अजून दुखतं." मला वाटलं, माणूस रंगांनी सुधारला म्हणायचा. त्या वाक्यातला एक चुकलेला काना दुरुस्त करताना मला चक्क मामांचा अभिमान वाटला.

पण ही पुस्तिका यायच्या बऱ्याच आधी इकडे सोसायटी हातघाईवर आली होती. वरच्या मजल्यावरचं एकही घर कोरडं नव्हतं. सेक्रेटरींनी सभा बोलावली आणि गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा ठराव मांडला. मामा उभे राहून म्हणाले की हा इमारतीचा गळा घोटण्याचा प्रकार आहे. सेक्रेटरी म्हणाले, "तुमची इमारत श्वास घेते ते ठीक आहे हो, पण माझ्या कपाटात कशाला घेते?" ठराव हात वर करून पास झाला. मामांच्या बाजूने एकच हात वर होता, मामीचा. मला आश्चर्य वाटलं. त्याच खोलीत तीही झोपत होती आणि सकाळी खोकतही होती.

माणसं आली, डांबराचे थर चढले, गच्ची काळीभोर चकचकीत झाली. पुढच्या पावसात सगळी इमारत कोरडी ठणठणीत. फक्त मामांचा डाग जागच्या जागी, आणि माझं पातेलंही. पाऊस गेला तरी डाग होता. कडक उन्हात होता. मामांनी विजयी मुद्रेने सेक्रेटरींना भिंतीपुढे नेऊन उभं केलं. "बघा. गळती असती तर थांबली नसती?" कंत्राटदार पुन्हा पुन्हा आला, गच्चीवर पालथा पडून कोपरान्कोपरा चाचपून गेला. शेवटी त्याने माझ्या घरातलं पाणी पिताना कबूल केलं की एवढ्या वर्षांच्या धंद्यात असं काही बघितलं नाही. सोसायटीने नाद सोडला. मी छताला चुना फासला, तोही पडला.

मग ती मोठी गोष्ट चालून आली. राजधानीतल्या सरकारी कलादालनाने मामांना बोलावलं. अख्खी एक भिंत भरेल एवढं नवं चित्र हवं होतं. मामांनी पलंग दुसऱ्या खोलीत हलवला, कॅनव्हास डागासमोर उभा केला आणि खडूने पहिल्या खुणा केल्या. आणि त्याच आठवड्यात परगावी असलेली त्यांची मुलगी जिन्यावरून पडली. पाय मोडला. घरात लहान मुलं. मामी पिशवी भरून निघाली.

जाताना दारात थांबून ती मला म्हणाली, "कुंड्यांना पाणी घालशील ना?" आणि मग आणखी काहीतरी सांगायचं असल्यासारखी घुटमळली. पण मामा पिशवी घेऊन मागेच उभे होते.

डाग वाळायला लागला. आधी कडा फिकटल्या, मग मधला काळपटपणा गेला, मग भिंतीवर नुसती मिठासारखी पांढरी पूड राहिली. मामा वेड्यासारखे झाले. त्यांनी फवाऱ्याने भिंतीवर पाणी मारलं, ते सरळ रेषेत खाली वाहिलं आणि खोली न्हाणीघरासारखी दिसू लागली. त्यांनी ओली चादर लावून बघितली. गॅलरीवाल्या बाईंचे फोन येत होते. एके दुपारी मी डबा घेऊन वर गेले तर मामा स्वयंपाकघरात होते. ते डबे लावत होते. या खेपेला कशाप्रमाणे लावत होते ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

माझ्या ओट्यावरचं पातेलं मात्र कोरडं होतं. मला आधी फक्त बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी कुंड्यांना पाणी घालायला गच्चीवर गेले आणि कठड्याच्या कोपऱ्यात शेवटच्या कुंडीमागे एक पोचे पडलेला तांब्या दिसला. शेजारी विणकामाची एक जाड सुई. तिथला डांबराचा थर कठड्याच्या बुडाशी सुबकपणे उकरलेला होता आणि भोकावर डब्याचं झाकण ठेवलं होतं. ते झाकण मामा महिनोन्महिने शोधत होते.

मी तिथेच कठड्याला टेकून मामीला फोन लावला.

"मामी, तांब्या सापडला."

पलीकडे मुलांचा गलका हळूहळू लांब गेला. मग ती म्हणाली, "कुंड्या सुकल्या नाहीत ना?"

"कुंड्यांचं राहू दे. तू हे काय केलंस?"

"अगं, डांबरवाले गेले आणि डाग वाळायला लागला. लगेच दुसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघरात हजर. माझे चमचे घेऊन बसले. मग मी काय करायचं होतं? एक तांब्या पाण्यात माणूस दिवसभर दुसऱ्या खोलीत राहतो. तूच सांग, कुणीही हेच केलं असतं."

"आणि माझं छत?"

"तुझ्याकडे पातेलं आहे," मामी म्हणाली. तिच्या आवाजात अपराधाचा लवलेश नव्हता.

मला हसू येत होतं आणि रागही. मी म्हटलं, "नुसतं मोकळीक मिळावी म्हणून एवढं?"

"आधी तेवढ्यासाठीच." ती म्हणाली. "मग एकदा यांनी मला बोलावलं. भिंतीपुढे उभं केलं आणि विचारलं, तुला यात काय दिसतं? इतकी वर्षं झाली लग्नाला. पाणी तापलं का, किल्ली कुठे आहे, एवढंच विचारत आले. मला काय दिसतं ते कुणी विचारलंच नव्हतं गं. मी म्हटलं, डोंगराला जिथे कापलाय तिथे अजून दुखतंय असं वाटतं. त्यांनी लगेच ब्रश उचलला. आणि मग रोजच विचारायला लागले."

मी ते वाक्य छापखान्यात तपासलं होतं. त्याखाली नाव कुणाचं होतं तेही मला आठवत होतं.

"म्हणून मग मी जरा बघून ओतायला लागले," मामी सांगत होती. "डोंगर हवा असला तर डावीकडून, सावकाश. तळं हवं असलं तर एकदम. दुपारी ते झोपले की वर जायचं, आणि उठल्यावर त्यांच्याबरोबर बघायचं काय झालंय ते. मजा यायची. तू एक कर, मी येईपर्यंत रोज थोडं ओतत जा. ते चित्र राहिलं तर ते खचतील. आणि ते खचले की परत माझ्या डब्यांवर येतील."

म्हणजे स्वतःच्या स्वयंपाकघरात स्वतःच्या हाताने गळती लावायची, अशी मला विनंती होती. मी फोन ठेवला, मनातल्या मनात दोघांनाही चार शब्द सुनावले, आणि तांब्या भरला.

थोडं डावीकडून ओतलं. थांबले. परत ओतलं. तेवढ्यात मागून मामांचा आवाज आला.

"तुझा हात नको."

ते जिन्याच्या दारात उभे होते. अंगावर रंगाचा सदरा, दाढी वाढलेली. माझ्या हातात तांब्या. आता काय थापा मारायच्या याचा मी विचार करत होते, तर तेच म्हणाले, "काल फवारा मारून बघितला मी. तुझंही तसंच होणार. ती ओतते ते वेगळं येतं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"त्या भिंतीचा छेद-नकाशा मी काढलाय. कठड्याखाली पाणी कुठून जातं आणि कुठून जात नाही हे मला कळू नये? डांबर पडल्यावर आपोआप तिथे एक थेंब पोचणार नाही. आणि उन्हाळ्यात, तेही नेमका माझ्या चहाआधी, तर नाहीच नाही."

"मग बोलला का नाहीत?"

मामा कठड्याशी येऊन उभे राहिले. समोर तळं होतं, पण ते बुटक्या कुंड्यांकडे बघत होते. "बोललो असतो तर तिने थांबवलं असतं. तिला वाटलं असतं, पकडले गेले. मग डाग नाही. मग संध्याकाळी भिंतीपुढे उभं राहून बोलणं नाही. मग मी परत..." त्यांनी हाताने हवेत एक डबा उचलून दुसरीकडे ठेवला.

मला त्यांची दया आली असती, पण ते छापलेलं वाक्य मध्ये आलं. मी म्हटलं, "मामा, दाराशी नेऊन तुम्ही आलेल्या प्रत्येकाला दगडातली मोकळी जागा दाखवता. डोंगराला दुखतं हे वाक्य कुणाचं होतं? डाग कुणाचा होता? मग चित्राखाली सही एकट्याची कशी? तुमच्या साहेबांनी दुसरं काय केलं होतं?"

साहेबांविषयी असं बोललेलं मामांनी आजवर कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं. त्यांनी माझ्या हातातून तांब्या घेतला, उरलेलं पाणी एका कुंडीत ओतलं, झाकण भोकावर नीट ठेवलं आणि खाली गेले. मग त्यांनी गॅलरीवाल्या बाईंना फोन करून सांगितलं की भिंत अजून तयार नाही, थांबावं लागेल. बाई गहिवरल्या म्हणे. अशी निष्ठा आता कुठे बघायला मिळते, असं त्या म्हणाल्या.

मुलीच्या पायाचं प्लास्टर सुटलं आणि मामी आली. दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या पातेल्यात टप्प झालं. मला त्या आवाजाने बरं वाटावं हे माझं मलाच लाजिरवाणं होतं. मामा दार लावून कामाला लागले. या वेळी चित्र पुरं झालं तरी त्यांनी ते कुणालाही दाखवलं नाही, मामीलासुद्धा. कापडात गुंडाळूनच ते जिन्यावरून उतरवलं. साहेबांचा जिना अरुंद होता, त्यामुळे वळणावर ते अडकलं आणि सेक्रेटरींना खांदा द्यावा लागला.

उद्घाटनाला आम्ही तिघेही गेलो. गुळगुळीत फरशी, थंड हवा, हातात नाजूक पेले धरलेली माणसं. चित्र भिंतभर होतं. आमचा कापलेला डोंगर, त्याच्या बुडाशी रेघ, आणि ती रेघ एका जागी ओल लागून सुटत चाललेली. मला चित्रातलं काही कळत नाही, पण मी तिथून हलले नाही. मामी मात्र चित्राकडे बघतच नव्हती. ती उजव्या कोपऱ्यात खाली वाकली होती.

तिथे सही नव्हती. तिथे चौकट होती. कचेरीतली, पट्टी लावून काळ्या शाईने आखलेली, तीन ओळींची. आराखडा म्हणून मामीचं नाव होतं, लग्नाआधीचं आणि नंतरचं, दोन्ही. त्याखाली रेखाटन म्हणून मामांची नेहमीची आद्याक्षरं. आणि तपासणीपुढे लिहिलं होतं: भाची, खालचा मजला.

गॅलरीवाल्या बाई तिकडून धावत आल्या. आर्किटेक्चरच्या कचेऱ्यांमधल्या अधिकाराच्या उतरंडीवर काय अप्रतिम उपरोध साधलाय, असं त्या कुणाला तरी समजावून सांगत होत्या. पुढे त्या समीक्षकांनी या चौकटीतल्या काल्पनिक स्त्रीवर मोठा लेख लिहिला. काल्पनिक स्त्री तेव्हा पर्समध्ये चष्मा शोधत होती.

चष्मा लावून तिने परत वाचलं. मग मामांकडे न बघता म्हणाली, "म्हणजे माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

मामी सरळ उभी राहिली. आता ती रडेल असं मला वाटलं, मामांनाही वाटलं असावं, कारण ते खिसे चाचपायला लागले. पण ती म्हणाली, "मग एवढे दिवस मी चोरासारखी पाय न वाजवता जिना चढत होते, गुडघे दुखत असताना. एकदा तरी तांब्या वर नेऊन ठेवला असतात."

तिने कोपऱ्यातल्या आपल्या नावावरून बोट फिरवलं. तिथल्या रखवालदाराने हात लावू नका म्हणून सांगितलं.

"माझं आहे," मामी म्हणाली.

घरी परतल्यावर माझं छत कोरडं झालं. एक दिवस गेला, दुसरा गेला, आठवडा गेला. मामांनी गच्चीवर जे कबूल केलं होतं ते मला आठवत होतं. बोललो तर ती थांबेल. आता ते अख्ख्या राजधानीसमोर शाईने बोलून बसले होते. पातेलं उचलून मांडणीवर ठेवण्याचा मला धीर होईना. वर जाऊन बघण्याचाही होईना, कारण वर मामा डबे लावत असतील तर ते मला बघायचं नव्हतं.

मग एका दुपारी मी ओट्याशी उभी असताना छताच्या कोपऱ्यात एक थेंब फुगला, थरथरला आणि पडला. मी स्टुलावर चढून खिडकी उघडली. वरून गच्चीतून आवाज येत होते. एक तांब्याचा, आणि दोन माणसांचे.

"थोडं डावीकडून ओतू का?" मामा विचारत होते. आयुष्यभर ज्यांनी ज्याला त्याला रेघ कुठे हवी ते सांगितलं, ते मामा.

"आधी खाली जाऊन माझं मीठ होतं तिथे ठेवा," मामी म्हणाली. "मग सांगते."

जिन्यावरून पावलं उतरल्याचं ऐकू आलं. मी स्टुलावरून उतरले आणि पातेलं सरकवून थेंबाखाली ठेवलं.